तेराशे आवाज, आणि माझे अकरा

गेल्या श्रावणात एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "दादा, एक कीबोर्ड आणलाय तिकडून. तुमच्याकडे पंधरा दिवस ठेवतो. वाजवा आणि सांगा, पैसे पाण्यात गेले की काय ते." तिकडून म्हणजे अमेरिकेतून. पोरगा आयटीत, हात चांगला, पगार त्याहून चांगला. रविवारी दुपारी त्याने तो लांबलचक खोका तिसऱ्या मजल्यावर चढवून आणला, तेव्हा बायकोने दार उघडून आधी खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पाहुणा आहे," मी घाईघाईने म्हणालो. "पंधरा दिवसांनी जाणार आहे."

"सगळे असंच सांगून येतात," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

पाहुण्याचं नाव ॲस्ट्रोलॅब. ६१ पट्ट्या, दहा किलोंच्या आसपास वजन, आणि मधोमध एक गोल पडदा. पडद्याभोवतीची कडी फिरवली की बोटाला बारीक टकटक लागते आणि एकेक आवाज समोर येतो. बनवणारी कंपनी आर्टुरिया, फ्रान्समधल्या ग्रेनोबलची, १९९९ पासूनची. तिचं नाव झालं ते सॉफ्टवेअरवर. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले जुने, आता दुर्मीळ आणि भयंकर महाग झालेले सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारी वाद्यं, त्यांनी एकेक करून कॉम्प्युटरमध्ये उतरवले. मग त्या सगळ्यांतले तयार आवाज निवडून 'ॲनालॉग लॅब' नावाचा एक संग्रह केला. आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये तोच संग्रह एका कीबोर्डच्या पोटात घालून विकायला काढला. तयार आवाज तेव्हा तेराशेच्या वर. किंमत तेव्हा १९९९ डॉलर.

भांडण इथेच आहे. तो सॉफ्टवेअरचा संग्रह सुटा घेतला तर साधारण दोनशे डॉलरला मिळतो. लॅपटॉप घरात असतोच. वीस-तीस हजारांचा साधा मिडी कीबोर्ड, म्हणजे स्वतःचा आवाज नसलेल्या नुसत्या पट्ट्या, त्याला जोडला की आवाज तेच, अगदी तेच. मग उरलेले पैसे कशाचे? आणि तेही अशा वस्तूला, जिच्यावर आवाज मुळापासून घडवता येत नाही. चार-पाच बटणांनी तो थोडा उजळ करा, थोडा लांबवा, थोडा हलता ठेवा, एवढंच. खोलात शिरायचं तर पुन्हा कॉम्प्युटर उघडा. विद्यार्थ्याला ही गोष्ट घेतल्यावर बोचायला लागली होती. त्याचा एक मित्र त्याला म्हणाला होता, "तू वाद्य नाही घेतलंस, रेडीमेड कपड्यांचं कपाट घेतलंस."

मी दिवसा बँकेत असतो आणि संध्याकाळी कीबोर्डवर. सव्वीस वर्षं झाली. भावगीतांचे कार्यक्रम, दिवाळी पहाट, गणपती, सोसायट्यांची कोजागिरी, पूर्वी लग्नांतले ऑर्केस्ट्रेही. माझ्याकडे रोलँडचा एक्सपी-३० आहे, तोही १९९९ सालचंच मॉडेल. मी २००३ मध्ये सेकंडहँड घेतला. पडदा आता तिरका होऊनच वाचावा लागतो. मधल्या सप्तकातला एक गंधार ओला कपडा पिळल्यासारखा दाबावा लागतो, नाहीतर बोलत नाही.

रेडीमेड कपड्यांचा टोमणा मला लागला, कारण तो मलाही लागू होता. माझ्या एक्सपी-३० मध्ये १४०६ तयार आवाज आहेत. त्यांतला एकही मी घडवलेला नाही. आणि त्या रात्री एका पाकिटाच्या मागे लिहून मोजले, तर इतक्या वर्षांत कार्यक्रमात वापरलेले निघाले अकरा. व्हायोलिनचा ताफा, बासरी, संतूर, सतार, मँडोलिन, अकॉर्डियन, पियानो, एक गिटार, एक घंटीसारखा, एक मागे पसरून राहणारा मऊ 'पॅड', आणि 'शेतकरीगीत आलं तर' म्हणून ठेवलेला एक सनईसारखा. १३९५ आवाज पोटात घेऊन ते बिचारं यंत्र गावोगाव हिंडतंय.

तयार आवाजांना हिणवायची एक पद्धत आहे. जणू पूर्वीचे लोक प्रत्येक सूर घरी दळून आणत होते. १९७० चा मिनीमूग सिंथ घ्या. त्याला स्मरणशक्तीच नव्हती. एक आवाज जमला की कुठलं बटण किती फिरवलंय ते कागदावर काढून ठेवायचं आणि पुढच्या गाण्याआधी अंधारात ते पुन्हा जुळवायचं. १९७८ मध्ये प्रॉफेट-५ आला. त्यात ४० आवाज साठवता येत. बटण दाबलं की हजर. वादकांना हर्ष झाला तो या गोष्टीचा. पुढे १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स-७ आला. त्यात आवाज घडवणं इतकं किचकट होतं की बहुतेकांनी नाद सोडला आणि आतले तयार ३२ च वाजवले. ते घडवले होते डेव्हिड ब्रिस्टो आणि गॅरी ल्यूएनबर्गर या दोघांनी. त्यांचा तो काचेच्या बांगड्यांसारखा किणकिणता इलेक्ट्रिक पियानो जगभरच्या विरहगीतांत वाजला. १९८७ च्या रोलँड डी-५० मधला 'फँटेशिया' असाच, एरिक पर्सिंग यांच्या हातचा. आमच्याकडच्या लग्नांत वधू स्टेजवर यायच्या वेळी मी तो शेकडो वेळा ऐकलाय. तेव्हा वाजवणाऱ्याला पर्सिंग माहीत नव्हते आणि पर्सिंगना ती वधू.

तयार आवाज म्हणजे कुणीतरी माणसाने रात्र जागून केलेलं काम असतं. मी मूळचा मिरजेकडचा. तिथे सतारमेकर गल्लीत भोपळ्यांच्या राशी बघत मोठा झालो. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा गुंजारव, काढणारा कारागीर घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, कान लावतो, पुन्हा घासतो. मग तो तंबोरा गायकाकडे जातो. गायकाला कुणी म्हणत नाही की तुम्ही रेडीमेड जवारीवर गाता. फरक एवढाच की मिरजेचा कारागीर विचारतो, "कोण गाणार? पट्टी कुठली?" काळी एकला बसणाऱ्या बुवांचा तंबोरा वेगळा, काळी चारला गाणाऱ्या बाईंचा वेगळा. ग्रेनोबलमध्ये बसून आवाज करणाऱ्याला माझ्या गायिकेची पट्टी कळायला मार्ग नाही. तो सगळ्यांसाठी करतो. म्हणून तेराशे करतो.

पहिल्या रात्री जेवण झाल्यावर हेडफोन लावून बसलो. कडी फिरवत गेलो आणि एका ठिकाणी थांबलो तो यामाहाच्या सीएस-८० वर. मूळ यंत्र १९७७ चं, वजन जवळपास शंभर किलो. तीन मजले चढवायला माथाडी लागले असते. त्याचा पितळी, रुंद, किंचित थरथरता आवाज इथे दहा किलोंत बसलेला. यमनमध्ये निषादावरून रिषभावर, तिथून गंधारावर आलो आणि थांबलो. पट्टी दाबलेलीच होती; जरा अधिक जोर दिला. आवाज उघडला. फुललेल्या फुफ्फुसांनी कुणी श्वास सोडावा तसा. दाबलेल्या पट्टीवर पुन्हा जोर दिल्यावर सुराचा रंग बदलणं ही गोष्ट मला माहीत होती, पण एक्सपी-३० च्या पट्ट्यांना ती येत नाही, त्यामुळे बोटांना माहीत नव्हती. हार्मोनियमवर भाता असतो, तिथे श्वास डाव्या हातात. इथे तो उजव्या हाताच्या बोटाच्या टोकाला आला. गंधारावर किती वेळ होतो कोण जाणे. बायको पाणी प्यायला उठली तेव्हा दोन वाजले होते. हेडफोनमुळे तिला काहीच ऐकू येत नव्हतं. तिला दिसत होता फक्त डोळे मिटून एकच पट्टी दाबत बसलेला बावन्न वर्षांचा माणूस.

चौथ्या दिवशी पाहुण्याला तालमीला नेलं. गणपतीतल्या कार्यक्रमाची तालीम, तबल्यावर अण्णा, गायला आमच्या ताई. पहिल्याच गाण्याच्या मुखड्यानंतर बासरीची एक जागा आहे. चार मात्रांची, पण ती आली नाही तर ताईंचा पाय जमिनीला लागत नाही. मी तिथे एक सुंदर, धुक्यासारखा सिंथचा आवाज लावला होता. ताई गाता गाता थांबल्या. मागे वळून म्हणाल्या, "बासरी कुठे गेली?"

"ताई, वेगळं करून बघतोय."

"छान आहे. पण बासरी कुठे गेली?"

आणि त्या प्रश्नाशी माझं गाडं अडलं ते अजून अडलेलंच आहे. मला पैसे कशाचे मिळतात? गैरहजर माणसांचे. बासरीवाला परवडत नाही म्हणून मी. आठ व्हायोलिनं परवडत नाहीत म्हणून मी. संतूरवाले पुण्याहून यायचे तर गाडीभाडं, म्हणून पुन्हा मी. माझे अकरा आवाज म्हणजे न आलेल्या अकरा जणांची हजेरी. हे काही आजचं नाही. १९५४ च्या 'नागिन' चित्रपटातली पुंगी पुंगी नव्हतीच. कल्याणजींनी ती क्लॅव्हिओलिन नावाच्या इलेक्ट्रिक वाद्यावर वाजवली होती. आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक वाद्याने पहिलं मोठं नाव कमावलं ते दुसऱ्या कुणाची तरी हुबेहूब नक्कल करून. गारुड्याच्या जागी बसून.

उलट उदाहरण एकच चटकन आठवतं. मुंबईचे चरणजित सिंग, चित्रपटसंगीतातले वादक. १९८२ मध्ये त्यांनी रोलँडची तीन यंत्रं समोर घेतली, ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८, आणि डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. तिथे सिंथ सतारीचं सोंग घेत नाही, बासरीचं नाही. सिंथ सिंथसारखा भैरव वाजवतो. ती रेकॉर्ड तेव्हा फारशी कुणी घेतली नाही. जवळजवळ तीस वर्षांनी, पुन्हा निघाली तेव्हा जगाचं लक्ष गेलं.

ॲस्ट्रोलॅबचा जीव त्या बाजूचा आहे. सिंथेसायझर, इलेक्ट्रिक पियानो, ऑर्गन. त्यातली गंमत अशी की तोही नक्कलच करतो, पण माणसाची नाही, यंत्राची. आणि त्यातले उत्तम आवाज कुणाच्याच जागी बसत नाहीत. ताईंच्या गाण्यात त्या सीएस-८० ची गैरहजेरी कधी कुणाला जाणवली नाही. जी जागा रिकामीच नाही, ती भरायचे पैसे मला कोण देणार?

आता व्यवहाराचं. कारण लॅपटॉपवाल्यांचा मुद्दा कागदावर बिनतोड असला तरी त्यांनी मांडवात लॅपटॉप लावून बघावा. मी दोन वर्षं लावला होता. आधी बफरची, म्हणजे कॉम्प्युटर आवाज किती आधी साठवून घेतो त्याची, भानगड: बफर लहान ठेवला तर पट्टी दाबल्याबरोबर आवाज येतो, पण कॉम्प्युटर दमला की तडतडतो, मोठा ठेवला तर तडतड थांबते, पण बोट आणि सूर यांच्यात फट पडते. तबल्याच्या शेजारी बसून ती फट सोसवत नाही. मग उजेड: हॅलोजन पडद्यावर पडला की काही दिसत नाही. मग धूळ, मग पंख्याची घरघर. एका वार्षिक संमेलनात निवेदक माझ्या मागून डौलात माईककडे गेला आणि त्याच्या बुटात यूएसबीची वायर. अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत मी संपलो. समोर सहाशे माणसं आणि मी टेबलाखाली. अण्णांनी लग्गी लावून वेळ मारून नेली, त्यांचे उपकार. त्या रात्रीनंतर लॅपटॉप घरी.

तेव्हा जादा पैसे कशाचे, याचं माझ्यापुरतं उत्तर म्हणजे टेबलाखाली न जाण्याचे. एक वायर विजेची, दोन आवाजाच्या, बस्स. कार्यक्रमाच्या क्रमाने आवाज लावून ठेवायचे, बटण दाबून पुढे जायचं. मुखडा आणि अंतरा यांच्यामध्ये आवाज बदलायला माझ्याकडे जेमतेम दीड मात्रा असते आणि डावा हात कॉर्डवर अडकलेला. त्या दीड मात्रेत अंगठ्याने न बघता सापडेल असं बटण असणं, हे तेराशे आवाजांपेक्षा मोठं सुख आहे. कीबोर्ड विकत घेताना लोक आवाज ऐकतात. मी सांगेन, डोळे मिटून बटणं चाचपा.

पण लॅपटॉपची एक गोष्ट मान्य करायला हवी. वीज गेली तरी तो त्याच्या बॅटरीवर चालू राहतो. पोटात कॉम्प्युटर असलेला असा कीबोर्ड वीज गेली की झोपतो आणि आली की पहिल्यापासून उठतो. तोंड धुतो, चहा घेतो, मग कामाला लागतो. माझा एक्सपी-३० पापणी लवेपर्यंत तयार. जनरेटर बदलताना जो झटका बसतो त्यात हा फरक फार मोठा. ज्यांना घ्यायचाय त्यांनी सोबत एक लहान यूपीएस घ्यावाच, आणि तो साउंडवाल्याच्या नव्हे, आपल्या ताब्यात ठेवावा. आणखी एक. ॲस्ट्रोलॅबवर एका वेळी दोनच आवाज वाटून घेता येतात. डाव्या हाताला व्हायोलिनं, उजव्याला खाली संतूर आणि वर बासरी, ही माझी रोजची तीन खोल्यांची बिऱ्हाडमांडणी. दोन खोल्यांत ती मावत नाही. रॉक बँडमधल्या कीबोर्डवाल्याचं दोनांत भागत असेल. त्याच्या शेजारी त्याचा गिटारवाला खराखुरा उभा असतो.

हिशोब सोपा आहे. मला एका कार्यक्रमाचे चार हजार मिळतात. १९९९ डॉलर म्हणजे पावणेदोन लाखांच्या घरात, आणि इथे आणायचा तर कर वगैरे वेगळेच. चार हजारांनी भागलं तर चव्वेचाळीस कार्यक्रम. माझे वर्षाला होतात चाळीसच्या आतबाहेर. म्हणजे एक अख्खं वर्ष आणि वर थोडं, फुकट वाजवायचं. आणि वाजवताना ताई विचारणार, बासरी कुठे गेली. त्याच पैशांत भारतीय टोन असलेला चांगला अरेंजर, म्हणजे ठेक्यासकट साथ देणारा, कीबोर्ड येतो, वर स्टँड आणि बॅग, आणि उरलेल्यातून बायकोचा मिक्सर.

हे सगळं मी विद्यार्थ्याला सांगितलं, जवळपास याच क्रमाने. तो खोका न्यायला आला होता. त्याचं गणित माझ्यापेक्षा वेगळं आहे, हेही सांगितलं. तो रात्री घरी स्वतःच्या चाली करतो, कुणाच्या जागी वाजवत नाही. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो, त्यामुळे संध्याकाळी पुन्हा कॉम्प्युटर उघडून सॉफ्टवेअर चालू करायचं म्हटलं की त्याचं वाजवणंच राहून जातं. त्याच्या लॅपटॉपवर हा संग्रह होताच की तीन वर्षं. वाजवला किती वेळा? तो हसला. "सहा-सात वेळा असेल, दादा." आणि हा आल्यापासून? "रोज." मग झालं तर, म्हटलं. पैसे पाण्यात नाही गेले.

"आणि तुम्ही, दादा? तुम्ही घ्याल का?"

"मला कशाला?" मी म्हणालो. "माझं अकरात भागतं."

तो खोका घेऊन जिना उतरला. मी गॅलरीत उभा राहून त्याची गाडी सोसायटीच्या फाटकाबाहेर जाईपर्यंत बघत होतो. बायको मागे येऊन उभी राहिली. काही बोलली नाही.

गणपती पार पडले. एक्सपी-३० च्या पट्ट्यांखालचं रबर बुधवार पेठेतल्या एका कारागिराकडून बदलून घेतलं; गंधार आता सरळ बोलतो. कोजागिरीला बासरी वेळेवर आली, ताई खूश.

देवघराखालच्या कपाटात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. गणपतीपासून दर कार्यक्रमाचे हजार त्यात टाकतोय. परवा बायकोने डबा पुसायला काढला, हलवून पाहिला आणि झाकण न उघडता होता तिथे ठेवला. आत एकोणीस हजार आहेत. दिवाळी पहाटेचे तीन ठरलेत, चौथ्याचा फोन यायचाय.